फिरत्या दवाखान्यातला वास

हरसिंगभाऊ,

तुमी गेल्याची खबर मले आर्णीच्या बाजारात लागली. वांगे निवडून राह्यलती, तं बाजूचा माणूस म्हणे, "नर्सबाई, तुमचा तो टाकीवाला डायवर गेला म्हणते." माया हातातलं वांगं हातातच राह्यलं. तुमी गेले हे एक, अन् मेल्यावरही लोकाइनं तुमचं नाव घेतलं नाही हे दुसरं. मी त्याले म्हटलं, "त्याइचं नाव हरसिंग होतं. जिभेले काही हाड?" तो म्हणे, "अवो बाई, सगळेच तसं म्हणते. मायावर काहून चिडता?"

खरंच होतं त्याचं. सगळेच म्हणते. अन् सगळ्याइले म्हणू देलं ते मी. सात वर्षं.

मले लिहायची सवय नाही. बाळंतपणाच्या वहीत पोरगा का पोरगी, बाळंतीण बरी का नाही, एवढंच लिहिते मी. पण जे बोलायचं होतं ते तुमी होते तवा बोलली नाही. आता बसली लिहायले. तुमी मधात बोलू नका.

आपल्या गाडीत मी आली ते दिवाळीनंतर, महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या साली. फिरता दवाखाना म्हणे लोक तिले. जुनी लांबलचक मोटर. मधात बाया तपासायचा बाक, बाजूले औषधाचं कपाट, मागं पडद्याआड माई झोपायची फळी, अन् तिच्या मागं पत्र्याचं खोपटं, संडासाचं. डॉक्टरीणबाई शहरातल्या. त्याइनं वरच्या साहेबाले ठणकावून सांगतलतं का बाईमाणूस महिन्यातले वीस दिवस खेड्यापाड्यात राहीन, तं गाडीत संडास पाह्यजेच. त्याच्यासाठी गाडीच्या पोटाखाली लोखंडी टाकी बसवलती. टाकी भरली का तुमी गाडी गावाबाहेर न्या, खड्डा खणा, खालची कळ फिरवून ती रिकामी करा. डायवरचं काम नव्हतं ते. यवतमाळले त्याच्यासाठी माणूस होता. पण वाटेत कोण करीन? "टाकी काय पायी चालत जाईन का यवतमाळले?" असं म्हणत तुमी हसत.

अन् मी काय होती तवा? बाभुळगावच्या मोठ्या दिराच्या घरची विधवा. मागच्या पडवीत, कापसाच्या ढिगाच्या बाजूले माई वाकळ. दिवसभर जावेच्या हाताखाली राबा अन् संध्याकाळी तिनं जे ताटात टाकलं ते मुकाट्यानं गिळा. एका मावशीच्या जोरावर नर्सचं शिकली अन् त्या पडवीतून सुटली. नोकरी गेली का पुन्हा तीच पडवी, हे मले झोपेतही माहीत राहे. दीर दर महिन्याले निरोप धाडे, "फिरणं झालं असंन तं या आता घरी."

पहिल्याच दिवशी मी गाडी आतून पाह्यली. माया फळीच्या उशाशी, संडासाच्या पत्र्याले लागून, एक पांढरं चिनीमातीचं भांडं होतं, हात-तोंड धुवायचं. मी विचारलं, "याचं पाणी कुठी जाते?" तुमी म्हटलं, "त्याच टाकीत." बस्स! छी! तोंडाचं पाणी संडासाच्या टाकीत? त्या दिवसापासून मी त्या भांड्याले शिवली नाही. त्याच्यावर पाट ठेवला, पाटावर लाल फडकं, फडक्यावर माये देव: पितळेचा बाळकृष्ण अन् अन्नपूर्णा. डॉक्टरीणबाईच्या हातावर मी गाडीबाहेर लोट्यानं पाणी टाकत जाय, ते झाडाच्या बुडात जाये. बाई म्हणत, "पाण्याची किंमत हिला कळते." मी फुगून जाय.

वास सुरू झाला तो चैत्रात.

आधी बारीक. मंग असा का डोळे चुरचुरत. तपासताना गाडीच्या साऱ्या खिडक्या लावा लागत, नाही तं गावातले माणसं डोकावत. त्या बंद डब्यात ऊन, घाम, फिनेल अन् तो वास. बाया दारात येत, पदर नाकाले लावत, अन् पायरीवरून वापस. एक बाई तं मायासमोर आहे अजून. आठवा महिना, पाय सुजून लाकडासारखे झाले होते. दोन कोस चालून आलती. एक पाय आत टाकला अन् म्हणे, "माय वं, इथी नाही मी निजत." गेली वापस. तिचं पुढं काय झालं ते कोणालेच कळलं नाही.

मी तुमच्यावर घसरली. दुसऱ्या कोणावर घसरणार? म्हटलं, "तुमी टाकी नीट धूत नाही." तुमी म्हटलं, "धुतो बाई. येऊन पाहा एकडाव." म्हटलं, "मी कायले पाहू? मी काय त्या कामाची आहे?" तवा तुमी जे बोलले ते मले आजही टोचते. "बाई, दिवसभर तुमचे हात रक्तात राहते. त्याचा विटाळ तुमाले होत नाही. अन् हे पाह्यलं तं होते?"

मी म्हटलं, "ते येगळं."

"कसं येगळं?"

मी ताडकन उठून गेली. ते भांडण तिथंच राह्यलं, भाऊ. कसं येगळं ते मले आजही सांगता येत नाही.

मंग मी ऊद जाळला, उदबत्त्या लावल्या, फिनेलची बाटली रिकामी केली. वासात वास मिळून असं झालं का डॉक्टरीणबाईले उलटी झाली. त्याइनं आपल्या दोघाइले समोर उभं केलं. "पुढल्या सोमवारी साहेब गाडी पाहायला येणार आहेत. तोवर हा वास गेला नाही, तर मी स्वतः सांगेन, गाडी बंद करा. दोघांनी आपापल्या घरचा रस्ता धरा."

तुमच्या घरचा रस्ता तुमच्या बंजारा तांड्यावर जाये. माया कुठी जाये ते तुमाले माहीत होतं.

अन् त्याच आठवड्यात पुसदच्या अलीकडे, सागाच्या जंगलात, गाडीच्या चाकावरचा लोखंडी पाटा तुटला. नवा पाटा यवतमाळहून यायले पाच-सहा दिवस. डॉक्टरीणबाई एका बैलगाडीत बसून पुसदच्या डाकबंगल्यावर गेल्या. जाताना म्हणे, "सोमवारी साहेबांना घेऊन इथेच येते."

ते दिवस! तुमी झाडाखाली घोंगडं टाकून राहत. मी बाहेर राहू शकत नव्हती. विधवा बाई डायवरसोबत झाडाखाली राहते, ही गोष्ट माया आधी बाभुळगावले पोचली असती. म्हणून मी आत, दार लावून, त्या वासात. पत्रा असा तापे का हात लावला तं फोड यावा. नाकाले पदर लावून मी बसून राहो अन् विचार करो: इथून सुटली तं पडवी, नाही सुटली तं हा डबा. मले खरंच वाटलं होतं, भाऊ, का आपलं आता असंच आहे. जलमभर कोणत्या तरी डब्यात कोंबून ठेवलेलं.

तुमी मात्र हटले नाही. तुमचा तांडा तिथून कोसभर. जमनावहिनी दुपारी भाकर घेऊन येत, कडेवर तुमची तान्ही कमळी. पहिल्या दिवशी त्या आल्या तं तुमी गाडीखालून निघून राह्यले होते. टाकी रिकामी करून, राख अन् चुना टाकून घासलती. वहिनीनं भाकर दूर दगडावर ठेवली. म्हणे, "तांड्यात काय सांगू मी? नायक विचारते, हरसिंग मोटर चालवते का संडास धुते?" तुमी म्हटलं, "सांग, दोन्ही करते." त्या हसल्या नाही.

संध्याकाळी वास तसाच.

दुसऱ्या दिवशी तुमी छपरावर चढले. टाकीतली हवा वरच्या वर निघून जावी म्हणून एक पाइप छपरावर काढलेला होता. त्याच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलतं, पक्कं बुजलेलं. तुमी वरून ओरडले, "सापडला चोर!" लोखंडाच्या सळईनं ते फोडलं, अन् उतरून अशे नाचले का मलेही हसू आलं. दुपारी खिडक्या लावल्या अन् वास हजर. तिसऱ्या दिवशी तुमी खालच्या कळीले जुन्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. तेही व्यर्थ. तुमी पायरीवर बसले, डोकं धरून. पहिल्यांदाच तुमाले तसं पाह्यलं. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "पाहा, म्हणत होती ना मी, तुमालेच जमत नाही." असं तोंड माया! जळो ते.

चौथ्या दिवशी तुमी एका पत्र्याच्या डब्यात गोवरी पेटवली, वर ओला कडुनिंब टाकला. छपरावरच्या पाइपाले चिंध्यांचा बोळा मारला, अन् तो धुराचा डबा टाकीच्या खालच्या तोंडाले लावला. मले म्हटलं, "बाई, आत बसा, दार लावून. टाकीत धूर कोंडतो मी. जिथून धूर निघन, तिथूनच वास निघते. संडासाच्या दारावर नजर ठेवा."

मी संडासाच्या दारावर नजर ठेवून बसली. काहीच नाही. मंग मले कडुनिंबाचा वास आला, तो मागून. वळून पाह्यलं तं माया देवामागून धूर निघून राह्यला. बाळकृष्णाच्या आंगाभोवतून, लाल फडक्याखालून, मस्त पांढरा धूर. उदबत्ती तं मी लावलीच नव्हती. मी बह्याड, मी हात जोडले! मले वाटलं देव पावला.

बाहेरून तुमी, "निघाला का, बाई?"

मी हात जोडूनच राह्यली. तुमी आत आले. पडद्याजवळ थांबले. मी आल्यापासून त्या पडद्याच्या आत तुमी कधीच आले नव्हते, म्हणून तं ते भांडं तुमच्या डोळ्याआड राह्यलं. "येऊ का?" म्हटलं. आले. पाह्यलं. देवाले हात लावला नाही. "देव तुमी उचला," म्हटलं.

मी देव उचलले, फडकं काढलं, पाट काढला. भांड्यात कोळ्याचं जाळं. भोकातून धूर येऊन राह्यला.

"याच्यात पाणी कधी टाकलतं?"

"कधीच नाही," मी म्हटलं. "कोण टाकीन? टाकीत जाते ते."

तुमी खाली वाकून भांड्याखालचा पाइप दाखवला. "हा पाहा, इथी वाकडा आहे. या वाकणात घोटभर पाणी राह्यलं पाह्यजे. तेच पाणी वास अडवते. आधीच्या नर्सबाई रोज हात धूत, तं पाणी राहे. हिवाळाभर तेच टिकलं. उन्हाळ्यात आटलं. दार उघडं पडलं, बाई." मंग तुमी माया लोट्यातलं पाणी त्याच्यात ओतलं. गुडगुड झालं. अन् धूर थांबला. जसा कोणी हात ठेवून दाबला.

रोज एक लोटा पाणी. एवढंच लागत होतं. अन् मी सोवळं म्हणून तेवढंच टाकलं नाही. ती पाय सुजलेली बाई वापस गेली ते माया सोवळ्यापायी.

मी रडली. तुमी बाहेर जाऊन बसले. मंग आवाज देला, "बाई, भाकर आहे, खा."

सोमवारी डॉक्टरीणबाई अन् साहेब आले. साहेबानं खिडक्या लावून घेतल्या, आत दोन डाव फिरला. वास नाही. साहेबानं विचारलं, "काय झालं होतं? चूक कोणाची?"

मी तोंड उघडलं होतं, भाऊ. देवाची शपथ, उघडलं होतं. पण मायासमोर ती पडवी आली. तेवढ्यात तुमी म्हटलं, "माई चूक, साहेब. छपरावरच्या पाइपात माती बसलती. मी पाह्यली नाही. टाकीचं काम मायाकडे आहे."

साहेबानं तुमच्या नोकरीच्या पुस्तकात लाल शेरा मारला. टाकी अस्वच्छ ठेवतो. त्या शेऱ्यापायी तुमची पक्की नोकरी अडून राह्यली. अन् साहेबाच्या शिपायानं पुसदच्या बाजारात मीठमसाला लावून सांगतलं. पुढची होळी आली तोवर तुमच्या तांड्यातही तेच नाव. होळीचे लेंगी गाणे म्हणताना तुमाले बाजूले बसवलं, हे मले जमनावहिनीनं नाही, दुसऱ्याच बाईनं सांगतलं.

मी एकदा म्हटलं होतं तुमाले, दिग्रसच्या रस्त्यावर. "भाऊ, मी बाईले खरं सांगते." तुमी म्हटलं, "आता सांगून काय? आधी एकटा बदनाम झालो, आता दोघं होऊ. तांड्यात माये चार भाऊ आहे. तुमच्यामागं कोण आहे?" अन् मले बरं वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण मले लय बरं वाटलं.

मंग मात्र मले तुमचा राग येऊ लागला. कोणी सांगतलतं हो तुमाले? मी मांगतलं होतं का? रोज सकाळी त्या भांड्यात लोटा ओतताना तुमी दिसत. तुमच्या चहात साखर कमी, गाडी जोरात हाकता, बिडीचा धूर आत येते, एक ना दोन, मी कटकट करत राह्यली. उपकार करून माणूस समोरच्याले कसा बांधून टाकते, हे तुमच्या ध्यानातही आलं नसंन. तुमी हसत अन् म्हणत, "आज नर्सबाईचं इंजन गरम आहे."

सात वर्षं हात रक्तात बुडवून लोकाइचे लेकरं जगात आणले मी, ते तुमच्या नावावर बसून. तेवढे बाळंतपणं झाले ते तुमच्यापायी झाले. हे तुमी असताना म्हणायले पाह्यजे होतं.

काल मी तुमच्या तांड्यावर गेली. जमनावहिनी भिताडाले टेकून बसल्या होत्या. मी सारं सांगतलं. धूर, देव, भांडं, शेरा, सारं. मले वाटलं त्या गळ्यात पडतीन, रडतीन, म्हणतीन जाऊ द्या बाई. कायचं काय!

त्याइनं आधी सारं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "मलेही नाही सांगतलं त्यानं. सात वर्षं माया उशाशी होता, अन् तुई लाज मायापासून लपवली."

मी म्हटलं, "वहिनी, मी..."

"काहून नाही बोलली तू? माई कमळी शाळेत जाते. पोट्टे तिच्या बाजूले बसत नाही. टाकीवाल्याची म्हणते. परवा मले विचारून राह्यली, याडी, बापू काय करत होता? मी काय सांगू तिले?"

त्याइनं मले पाणी विचारलं नाही, बसही म्हटलं नाही. बरं केलं. उठताना म्हणे, "मायासमोर रडून काय उपयोग? लिही. मले वाचता येत नाही, कमळीले येते. अन् तेराव्याले सारा तांडा जमते, नायक येते, पुसदचे लोक येते. सगळ्याइसमोर तुया तोंडानं वाच."

मी म्हटलं, "वहिनी, ही गोष्ट दवाखान्यात गेली तं माई नोकरी जाईन."

त्या म्हणे, "त्याची नाही अडली?"

तेव्हापासून मी हे लिहून राह्यली, हरसिंगभाऊ. दोन डाव फाडलं. एकडाव तं ठरवलं होतं का नुसतं तुमच्याशी बोलल्यासारखं लिहावं अन् पेटीत ठेवून द्यावं. तुमी काही बोलले नसते. तुमी कधीच बोलत नाही, हीच तं तुमची खोड. पण कमळी आठ वर्षांची आहे, अन् ती वर्गात एकटी बसते.

म्हणून हा शेवटचा भाग तुमच्यासाठी नाही. तो तुमच्या लोकाइसाठी आहे, अन् तो मी मोठ्यानं वाचणार आहे.

मंडळी, मी शेवंता, फिरत्या दवाखान्यातली नर्स. गाडीतला वास मायापायी होता. ज्या भांड्यात रोज लोटाभर पाणी टाकायचं, त्याच्यावर मी देव मांडून बसली होती. हरसिंगनं चार दिवस टाकीखाली पडून तो वास शोधला अन् बंद केला, अन् मले घर नाही म्हणून दोष सोताच्या आंगावर घेतला. मी समोर उभी होती अन् चूप बसली. कमळे, तुया बापाचं नाव हरसिंग होतं. उद्यापासून ज्याले कोणाले नाव ठेवायचं आहे, त्यानं मले ठेवावं. मी इथीच उभी आहे.